नागपूर ते जैसलमेर : वाळवंटाची माती ओळखायची कशी

निघण्याआधी : नागपूर

वाळवंटी मातीच्या सर्वेक्षणाचं अर्धं काम गाडीत बसण्याआधीच उरकावं लागतं. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय नागपुरात अमरावती रस्त्यावर आहे. त्यामुळे इथल्या मंडळींना नकाशे आणि मातीच्या वर्गीकरणाची भाषा अंगवळणी पडलेली असते. पण हात बसलेला असतो तो काळ्या मातीवर. काटोल, कळमेश्वरकडे प्रोफाइल, म्हणजे मातीचा उभा छेद, खोदलं की भिंत ताठ उभी राहते, भेगा दिसतात, घासून चकाकलेले पृष्ठ दिसतात. थारमध्ये यातलं काहीच मिळत नाही, म्हणून तिकडे जाताना हवामान आणि भूरूपाचा अभ्यास पक्का हवा.

सुरुवात पावसाच्या आकड्यांपासून. हवामान खात्याची ०.२५ अंशांच्या जाळीवरची दैनिक पर्जन्यमालिका १९०१ पासूनची मिळते. तिच्यातून निदान तीस वर्षं घ्यावीत. नागपूरला वर्षाला हजार मि.मी.च्या वर पाऊस, जोधपूरला साडेतीनशेच्या आसपास, जैसलमेरला दोनशेच्या आगेमागे. जैसलमेरात हवेची पाण्याची मागणी मात्र दोन हजार मि.मी.च्या घरात. पाऊस भागिले मागणी केली की उत्तर ०.१ येतं. ०.०५ ते ०.२० म्हणजे शुष्क प्रदेश.

तापमानाचा तक्ता मांडला आणि गंमत दिसली. वार्षिक सरासरी नागपूरची आणि जैसलमेरची जवळपास सारखीच. मातीत ५० सें.मी. खोलीवर सरासरी तापमान २२ अंश किंवा अधिक आणि उन्हाळा-हिवाळ्यात किमान ६ अंशांचा फरक असला की ती ‘हायपरथर्मिक’. दोन्ही ठिकाणच्या माती त्याच वर्गात बसतात. फरक आहे तो फक्त ओलाव्याचा. मातीचा ठरावीक पट्टा, म्हणजे ओलावा-नियंत्रण पट्टा, उबदार दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस पूर्ण कोरडा राहत असेल आणि सलग ९० दिवस ओला राहत नसेल, तर ती माती शुष्क ओलावा-व्यवस्थेची. हा पट्टा पोतानुसार सरकतो : पोयट्यात साधारण १० ते ३० सें.मी., वाळूत ३० ते ९०. वाळूत पाणी खोल उतरतं, म्हणून मोजायचंही खोल.

नकाशाचं काम : उपग्रह प्रतिमा आणि उंचीचा मॉडेल एकावर एक ठेवून आधी भूरूपं आखली, मग जमीन-वापर आणि शेवटी कुठे खोदायचं त्या रेषा. अर्धचंद्राकृती लांबट धोऱ्यांची, म्हणजे वाळूच्या टेकड्यांची, तोंडं नैर्ऋत्येकडे उघडी आहेत, कारण उन्हाळी वारा तिकडून येतो. प्रतिमेत हे स्पष्ट दिसतं. जमिनीवर उभं राहून ते कधीच कळत नाही. म्हणून रेषा घरूनच आखून न्याव्यात.

*सामान :* वाळूसाठी बादली-ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट (स्क्रू-ऑगर कोरडी वाळू धरत नाही), पाठीवरचा फवारणी पंप, मुन्सेल रंगतक्ता, मातीचा थर्मामीटर, कापडी पिशव्या, जाड पॉलिथिन. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अॅसिटोन रेल्वेत नेऊ नये. जोधपुरात विकत घ्यावं.

पहिला दिवस : जोधपूर ते ओसियां

प्रवास सुरळीत झाला. जोधपुरात उतरल्यावर मिरचीवडा आणि मखनिया लस्सी. तर्री-पोह्यांवर वाढलेल्या माणसालाही हा मिरचीवडा जड जातो. केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था इथेच आहे, १९५९ पासून या नावानं. थारच्या धोऱ्यांवर झाडं लावून वाळू रोखण्याचं तंत्र याच संस्थेतून पसरलं.

दुपारनंतर ओसियांकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरीची रिकामी रानं आणि त्यात सुटी सुटी खेजडी. आपली शमीच ती. पाला शेळ्यांना, शेंगा माणसांना. शेतात खेजडी दाट असेल तर खाली पोयटा किंवा चुनखडीचा थर असण्याची शक्यता धरून चालायचं. फोग आणि खीप दिसायला लागले की खोल, सुटी वाळू आली. सेवण गवताचे ठोंबही वाळूचेच. आणि जिथे लाणा किंवा खारी जाळ, तिथे खार. गाडी चालत असतानाच टिपणवहीत झाडांची नावं आणि किलोमीटर लिहीत गेलं तर संध्याकाळपर्यंत मातीच्या सीमांचा कच्चा नकाशा तयार होतो.

मुक्काम एका शेतकऱ्याच्या घराशेजारी होता. बाजरीची भाकरी, कढी, केर-सांगरी आणि लसणाची चटणी. सांगरी ही त्याच खेजडीची वाळवलेली शेंग. घरच्या काकूंनी आग्रहानं वर तूप वाढलं. रात्री मावठ, म्हणजे हिवाळी पाऊस, आलं. पाऊस तासभरच टिकला, पण दुसऱ्या दिवसाचं काम त्यानं सोपं केलं.

दुसरा दिवस : धोऱ्यावरचा खड्डा

सकाळी पहिलं काम ओल मोजण्याचं. पट्टी लावून कापलं तर माथ्यावर ओल जेमतेम वीतभर खाली गेली होती, त्याखाली वाळू पूर्ण कोरडी. २५ मि.मी. पाणी कोरड्या वाळूत सुमारे ३० सें.मी. उतरतं, तोच या ओलावा-नियंत्रण पट्ट्याचा वरचा काठ. म्हणजे रात्रीच्या पावसाचा एक थेंबही त्या पट्ट्यापर्यंत पोचला नव्हता. परिभाषेत जे लांबलचक वाक्य असतं ते इथे पट्टीवर दिसतं, म्हणून पावसानंतरची सकाळ कधीही वाया घालवू नये.

वाळूत खड्डा खोदायची रीत वेगळी. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आखून घ्यायचा. पश्चिमेची भिंत अभ्यासाची, कारण ती पूर्वेकडे तोंड करून असते आणि सकाळच्या उन्हात फोटो स्वच्छ येतो. उपसलेली वाळू समोरच्या बाजूला, काठापासून मीटरभर लांब टाकायची; काठावर टाकली की तिच्या भारानं भिंत बसते. दर ५० सें.मी.ला एक पायरी सोडायची. अभ्यासाच्या भिंतीवर पंपानं बारीक फवारा मारत राहायचं, धार सोडायची नाही. एका खड्ड्याला ४०-५० लिटर पाणी सहज लागतं. छातीइतकं खोल गेल्यावर खाली एकच माणूस आणि वर एक माणूस नजर ठेवून, हा नियम मोडायचा नाही; कोरडी वाळू सूचना देऊन ढासळत नाही. दीड मीटरनंतर खोदणं थांबवून तळातून ऑगर लावायचा. काम झालं की खड्डा बुजवायचाच, रात्री उंट पडतात.

माथ्यावरच्या प्रोफाइलमध्ये वरून खाली जवळजवळ एकच चित्र : फिकट पिवळसर तपकिरी बारीक वाळू, मुन्सेल तक्त्यावर कोरडी १० वायआर ६/४, ओली ५/४. मुठीत दाबली तर गोळा होत नाही. ढेकूळ नाही, रचना नाही. आम्ल टाकलं की हलकासा बुडबुडा, बस्स. अशी माती २५ ते १०० सें.मी.च्या पट्ट्यात सर्वत्र वाळूच, किंवा फार तर पोयट्याचा अंश असलेली बारीक वाळू असेल, तर ती ‘टॉरिप्सॅमेंट’. आणि ही मंडळी अॅरिडिसॉल या वाळवंटी मातीच्या गणात येतच नाहीत, येतात एंटिसॉल या थर न झालेल्या मातीच्या गणात. वाळवंटाचं चित्र म्हणून ज्या वाळूचा फोटो लावतात, तिला वर्गीकरणात ‘वाळवंटी माती’च्या गणात जागा नाही, कारण तिच्यात अजून कुठला थरच तयार झालेला नाही. शुष्कपणा तिच्या नावात पुढे जोडला जातो, एवढंच.

खरी मजा ऑगर तळातून खाली गेल्यावर आली. दीड मीटरच्या पुढे पांढरे ठिपके लागले, मग वाटाण्याएवढे चुनखडीचे खडे. आम्लाच्या थेंबावर ते फसफसून उकळले. धोऱ्याच्या पायथ्याशी दुसरा खड्डा घेतला, तिथे तेच खडे ७० सें.मी.वरच. धोरा एकच, वाळू एकच, पाऊस तोच, आणि तरी दोन खड्डे दोन वेगळ्या गणांत जाऊ शकतात. नियम असा की चुन्याचा कॅल्सिक थर १०० सें.मी.च्या आत सुरू झाला पाहिजे आणि किमान १५ सें.मी. जाड असला पाहिजे. चुना एरवी १५ टक्के तरी लागतो; वाळूसट मातीत अट सैल आहे, तिथे तो ५ टक्के असून खालच्या थरापेक्षा तितकाच जास्त भरला तरी चालतं. पायथ्याची माती ही अट पुरी करत असेल तर ती ‘हॅप्लोकॅल्सिड’, म्हणजे खरीखुरी अॅरिडिसॉल.

इतका चुना खाली वाहून गोळा व्हायला आजचा पाऊस पुरत नाही. धोरा स्थिर होता, झाडझाडोरा होता आणि पाऊस जरा बरा होता, अशा जुन्या काळाची ती खूण. म्हणूनच नुसत्या आजच्या हवामानाच्या तक्त्यावरून थारची माती ठरवता येत नाही.

*इथे हमखास चुकतं ते :* मीटरभर खोदून काम संपलं असं मानणं. रंग फक्त ओल्या मातीचा वाचणं. घनता काढायला कोरड्या वाळूत सिलिंडर ठोकणं. सिलिंडर बाहेर काढताना वाळू गळते आणि घनता कमी येते. आधी फवारून, थोडं मुरू देऊन मग ठोकावा.

तिसरा दिवस : फलोदी, बापचं रण

फलोदीजवळ खीचन गावात सकाळी कुरजां पक्ष्यांचे थवे उतरतात. हजारो करकोचे आणि त्यांना धान्य घालणारं गाव. फेब्रुवारीत कुणी या बाजूला आलं तर हे चुकवू नये.

पुढे बाप गावचं रण. पाणी येतं, जात कुठेच नाही, आटतं. असा हा सपाट, खारा खळगा. कडेला मिठागरं आहेत. कडेकडून मधोमध चालत गेलं तर झाडं एकेक करून संपतात : आधी केर आणि बोर्डी, मग खारी जाळ, मग लाण्याची बुटकी झुडपं आणि शेवटी फक्त पांढरी पापडी. या क्रमावरच नमुन्यांची रेषा आखायची. पापडीवर माणूस चालतो, जीप रुतते. गाडी काठावरच ठेवावी.

मिठागरातल्या एका कामगारानं फावड्याच्या एका घावात पापडी उचकटून दाखवली. खाली करडा, चिकट, ओला गाळ, आणि त्यात बारीक चौकोनी स्फटिक. पापडीचा नमुना वरच्या २ सें.मी.चा वेगळा घ्यायचा; तो खालच्या मातीत मिसळला तर मिठाचा आकडा पातळ होऊन दिशाभूल करतो. नमुने पॉलिथिनमध्ये, मगच कापडी पिशवीत. नुसत्या कापडात ठेवले तर मीठ ओल ओढतं, लेबलाची शाई पसरते आणि शेजारचे नमुनेही खारट होतात.

सॅलिक, म्हणजे मिठाच्या, थराची अट : १५ सें.मी. जाडी, संपृक्त लगद्याच्या अर्कात क्षारता ३० डेसीसायमन प्रति मीटर, आणि जाडी गुणिले क्षारता किमान ९००. उदाहरणार्थ २० सें.मी. जाडीला ४५ क्षारता असेल तर बरोबर ९०० भरतात, १५ सें.मी.ला ५० असेल तर ७५०, म्हणजे नाही. शेतावर खिशातल्या मीटरनं १:२.५ (एक भाग माती, अडीच भाग पाणी) अर्काचं जे वाचन मिळतं ते या आकड्यांशी थेट ताडायचं नाही. पाणी जास्त घातल्यानं ते फार कमी येतं.

वाटेत भडलाच्या सौरप्रकल्पाचं पठार लागतं. तिथे जमीन सपाट केली आहे. जुन्या प्रतिमेवर आखलेली भूरूपं अशा ठिकाणी जागेवर सापडत नाहीत, म्हणून प्रतिमा मागच्या हंगामाचीच घ्यावी.

चौथा दिवस : जैसलमेरचा मगरा आणि खडीन

जैसलमेरच्या आसपास वाळू कमी आणि दगड जास्त. या खडकाळ, बारीक गोट्यांनी झाकलेल्या उंचवट्याला इथे मगरा म्हणतात. आपल्याकडच्या बरडीची आठवण येते, पण बरडी बेसाल्टची; इथे चुनखडक आणि वालुकाश्म. वाऱ्यानं बारीक माती उडवून नेली आणि गोटे मागे राहिले. त्या गोट्यांखाली बोटभर मातीत चुना, मग खडक. खोदकाम अर्ध्या तासात संपतं.

पण मगऱ्याचं पाणी जिथे उतरतं तिथलं दृश्य बघून जीव हरखतो. खाली बांध, बांधामागे हिरवागार गहू आणि हरभरा. सिंचनाची सोय नाही. हे खडीन. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून रुजवलेली पद्धत : शेताच्या दहापटीहून मोठ्या खडकाळ उतारावरचं पाणी बांधाला अडवायचं, पावसाळाभर मुरू द्यायचं, उरलेलं सोडायचं आणि रब्बी पेरायची.

खडीनच्या शेतकऱ्यानं हातातल्या काठीनं जमीन टोचून दाखवली. काठी कोपरभर सहज गेली. ऑगर लावला तर वर गाळ-पोयटा, खाली चिकणमातीकडे झुकणारा पोयटा. अंगठ्या-तर्जनीत दाबून काढलेली पट्टी तुटायच्या आत चांगली लांब निघाली. आपल्याकडच्या मोरंड, म्हणजे मध्यम काळ्या, जमिनीत हात घातल्यासारखं वाटलं. आणि ओल होती, पेरणीनंतर इतके महिने उलटल्यावरही. पाऊसमापकावर इथेही तेच दोनशे मि.मी. आहेत, पण या मातीला मिळतं त्याच्या कितीतरी पट. सलग ९० दिवसांची अट या शेतात मोडते. जैसलमेरच्या मध्यभागी शुष्क व्यवस्थेत न बसणारा हा तुकडा. नकाशावर तो ठिपक्याएवढा असला तरी वेगळाच आखला पाहिजे, कारण त्या भागाचं रब्बीचं धान्य तिथेच पिकतं. जाळीवरच्या पावसानं आख्ख्या जिल्ह्याला एकच रंग दिला असता.

संध्याकाळी सम गावचे धोरे पाहिले. उंट, तंबू, गर्दी. माथे अजून हलते आहेत. वर्गीकरणाच्या दृष्टीनं सोपी माती.

*परवानगी :* सीमेकडच्या गावांत जाण्यासाठी जिल्हा प्रशासनाचं पत्र आधीच काढून जवळ ठेवावं. खड्डा खोदणारी माणसं आणि जीपीएस बघितल्यावर चौकशी होणारच, आणि ती रास्तच आहे. ड्रोन नेऊ नये.

पाचवा दिवस : मोहनगढ, वाळूखालचा जिप्सम

हरिकेपासून निघालेला इंदिरा गांधी मुख्य कालवा, पुरवठा कालवा धरून, ६४९ कि.मी. येऊन मोहनगढजवळ संपतो. त्याच परिसरात जिप्समच्या खाणी आहेत. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी असणं मातीसाठी नाजूक.

एका ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, कुई बघायला मिळाली. अरुंद तोंडाची, वाळूत खोल उतरलेली विहीर. तिथल्या आजोबांना आमचा चालक ‘बाबोसा’ म्हणत होता. ते पाण्याचे तीन प्रकार सांगतात : पावसाचं ते पालर, जमिनीत फार खोल असतं ते पाताळपाणी, आणि वाळूत मुरून मध्येच अडकलेलं ते रेजाणी. खाली खडियाची, म्हणजे जिप्समची, पट्टी असेल तिथेच रेजाणी पाणी मिळतं, कारण ती पट्टी ओल खाली जाऊ देत नाही. भिंतीतून झिरपत दिवसाकाठी दोन-तीन घडे मिळतात. पट्टी कुठे आहे हे त्यांच्या घरात पिढ्यांपासून ठाऊक. आमच्या नकाशावर त्या जागी नुसतं ‘वालुकामय मैदान’ लिहिलेलं होतं. कुईंची ठिकाणं जीपीएसवर घेतली की गाडलेल्या जिप्समचा नकाशा फुकटात मिळतो, तेव्हा वाळवंटात सर्वेक्षणाला जाणाऱ्यानं प्रत्येक गावात आधी कुईंची चौकशी करावी.

तीच पट्टी जास्त पाणी आलं की उलटते. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली तेव्हा कवासच्या परिसरात पाणी महिनोन्महिने तुंबून राहिलं, कारण खालचा जिप्समचा थर ते मुरू देईना. कालव्याच्या लाभक्षेत्रातही अशा थरावर सढळ पाणी दिलं की शेत उपळतं आणि क्षार वर येतात. पाणी देण्याआधी दोन-तीन मीटरपर्यंत ऑगर लावून बघणं म्हणूनच फार गरजेचं.

ओळखायची रीत : पांढऱ्या गाठीवर आम्ल टाकलं आणि फसफस झाली तर चुना, काहीच झालं नाही तर जिप्समचा संशय. मग थोडी माती ऊर्ध्वपातित पाण्यात हलवून गाळायची आणि गाळलेल्या पाण्यात तेवढंच अॅसिटोन घालायचं. दुधाळ साका आला की जिप्सम. जिप्सिक थराला किमान १५ सें.मी. जाडी, ५ टक्के जिप्सम, आणि जाडी गुणिले टक्केवारी १५० लागते.

परत नागपूर

नमुने सावलीत पसरून वाळत घातले. जिप्समचे नमुने नेहमीसारखे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये घालायचे नाहीत. शुद्ध जिप्सममध्ये जवळपास २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं; ओव्हनमध्ये ते सुटतं आणि कोरड्या मातीत भलताच ओलावा दिसतो. ४० अंश पुरेत. त्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी, कारण प्रयोगशाळेत हात सवयीनं जुन्या तापमानाकडेच जातो.

पुढच्या नकाशात धोऱ्याचा माथा आणि पायथा वेगळे, रण तीन पट्ट्यांत, मगरा आणि त्याखालचं प्रत्येक खडीन स्वतंत्र, आणि वाळूखाली जिप्सम असलेलं मैदान वेगळ्या खुणेनं, असं एकक-विभाजन ठरलं आहे. पायथ्याची माती खरोखर हॅप्लोकॅल्सिड ठरते का, ते चुन्याचे आकडे आल्यावर लिहायचं.

तापमानाचं काम अजून चालू आहे. ५० सें.मी.वर दिवस-रात्रीच्या चढउताराचा परिणाम जवळजवळ पोचत नाही, त्यामुळे समान अंतरानं घेतलेली वर्षातली चार वाचनं सरासरीला पुरतात. ओसियांच्या पायथ्याशी आणि खडीनच्या बांधावर थर्मामीटर पुरून ठेवले आहेत. पुढचं वाचन मे महिन्यात. खडीनच्या शेतकऱ्यानं ते स्वतः घेऊन फोनवर कळवायचं कबूल केलं आहे. वेळ सकाळी आठची ठरली आहे, आणि काठी रोवून जागा दाखवून ठेवली आहे.